टाळ वाजवून बीपी उतरतं का?

सकाळी बदलापूरहून लोकल पकडत असाल, तर हा सीन तुमच्या ओळखीचा आहे. दाराशी लोंबकळणारे, खिडकीला डोकं टेकून झोपलेले, रील्स स्क्रोल करणारे आणि डब्याच्या एका कोपऱ्यात सात-आठ काका लोक. कुणाच्या तरी बॅगेतून टाळ बाहेर येतात, एक जण डब्याच्या पत्र्यावरच ठेका धरतो आणि अंबरनाथ यायच्या आत अभंग सुरू झालेला असतो. तुम्ही काय करता? इअरफोन आणखी आत ढकलता. खरं सांगा, ढकलता ना? मीही तेच करायचो.

आमच्या कुळगावच्या बिल्डिंगमध्ये असेच एक काका आहेत. नोकरीतली पंचवीस वर्षं एकाच गाडीच्या एकाच डब्यात, एकाच भजनी मंडळात गेली. रिटायर झाले तेव्हा घरचे म्हणाले, सुटलात एकदाचे त्या गर्दीतून. पहिला महिना मजेत गेला. मग काका गप्प गप्प राहायला लागले. रात्री झोप येईना. बीपीची गोळी अर्ध्याची एक झाली. शेवटी काकूंनीच तोडगा काढला. आता दर गुरुवारी सकाळी काका ऑफिसला निघाल्यासारखे आवरून स्टेशनवर जातात, ग्रुपबरोबर दादरपर्यंत गातात आणि उलट्या दिशेच्या रिकाम्या गाडीने घरी येतात. काकू म्हणतात, "गुरुवारी रात्री यांना झोप लागते."

ही गोष्ट ऐकून आपण दोन चुका करू शकतो. एक, 'म्हाताऱ्यांचा टाइमपास' म्हणून सोडून द्यायचं. दोन, लगेच स्टेटस टाकायचं, 'भजनाने बीपी बरं होतं, सायन्सने सिद्ध केलंय!' दोन्हींत एक गोष्ट कॉमन आहे. तपासलं कुणीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तपासा. आणि या कामासाठी बाहेरून कुणी तज्ज्ञ येण्याची वाट बघू नका. ते तुम्हीच करायचं आहे.

बाहेर काय मोजलं गेलंय?

कला आणि आरोग्य हा विषय आता नुसता 'छान वाटतं' एवढ्यावर राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९मध्ये एक मोठा आढावा काढला. डेझी फॅनकोर्ट आणि सिअर्शा फिन या दोघींनी ३,०००हून जास्त अभ्यास त्यासाठी नजरेखालून घातले. गाणं, नाच, नाटक, चित्रं, हस्तकला, वाचन असं सगळं त्यात आलं. आजार टाळायला आणि आजारातून सावरायला कलेची मदत होऊ शकते, असं या ढिगातून दिसलं. त्याच वर्षी फॅनकोर्ट यांनीच अँड्र्यू स्टेप्टो यांच्याबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांवर १४ वर्षं लक्ष ठेवलं होतं. जे दर काही महिन्यांनी तरी नाटक, मैफल, म्युझियम अशा ठिकाणी जात होते, त्यांच्यात या काळात मृत्यूचा धोका अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी दिसला. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांत १४ टक्क्यांनी.

आता इथे थांबा. हा आकडा फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न विचारा. नाटकाला कोण जातं? ज्याच्या खिशात पैसे आहेत, पायात बळ आहे आणि घरी वेळ आहे तो. मग तो जास्त जगला तो नाटकामुळे की पैशांमुळे? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसं तर हे नाही? संशोधकांनाही हा प्रश्न पडलाच होता. म्हणून त्यांनी उत्पन्न, शिक्षण, आधीचे आजार, चालण्याची क्षमता, एकटेपणा हे सगळं हिशेबात धरलं. तरीही फरक पूर्ण पुसला गेला नाही. पण नुसतं निरीक्षण करून 'यामुळेच ते झालं' असं छातीठोकपणे सांगता येत नाही, हेही त्यांनी मान्य केलं. शिवाय हा अभ्यास कला बघणाऱ्यांचा होता. स्वतः टाळ धरणाऱ्यांचा नव्हता.

स्वतः करणाऱ्यांचं काय? त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. म्हणजे लोकांचे दोन गट करायचे, पण कोण कुठल्या गटात जाणार हे नशिबावर सोडायचं. मग श्रीमंत, उत्साही, निरोगी माणसं एकाच गटात गोळा होत नाहीत. इंग्लंडमध्ये साठीपुढच्या २५८ जणांवर असा प्रयोग झाला आणि २०१५मध्ये छापून आला. एका गटाने आठवड्यातून एकदा, दीड तास, १४ आठवडे एकत्र गाणी म्हटली. दुसऱ्या गटाचा दिनक्रम होता तसाच चालू राहिला. तीन महिन्यांनी गाणाऱ्यांमधली चिंता आणि उदासी कमी झालेली दिसली, मानसिक आरोग्य सुधारलेलं दिसलं. सहा महिन्यांनी फरक होता, पण कमी झाला होता. गाणं थांबलं तसा परिणाम ओसरत गेला असावा. म्हणजे काकांना 'गेली पंचवीस वर्षं गायलात ना, मग आता पुरे' असं म्हणून चालणार नाही.

आणखी एक अभ्यास मला फार आवडतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गाण्याचा क्लास, हस्तकलेचा क्लास आणि लेखनाचा क्लास अशा गटांवर सात महिने लक्ष ठेवलं. गाणारे लोक पहिल्या महिन्यातच एकमेकांच्या जवळ आले. बाकीच्यांना वेळ लागला. पण सात महिन्यांनंतर सगळेच गट सारखेच जवळ आलेले होते. म्हणजे जादू गाण्याची आहे की दर आठवड्याला त्याच माणसांना भेटण्याची? बहुतेक दोन्हींची. गाण्याने ओळख पटकन होते, आणि टिकते ती येत राहिल्यामुळे.

आता काकांकडे परत या. गुरुवारी झोप लागते ती कशामुळे? मोठ्याने गाताना लांब श्वास घेतला जातो म्हणून? 'काय, आज उशीर?' असं विचारणारं कुणीतरी आहे म्हणून? की स्टेशनपर्यंत चालणं होतं, जिना चढणं होतं म्हणून? का रिटायरमेंटचा पहिला धक्का तसाही वर्षभरात ओसरणारच होता? एका माणसाच्या गोष्टीवरून यातलं काहीच ठरवता येत नाही. आणि नेमकी इथेच संशोधनाला सुरुवात होते.

आपल्याकडे काय कमी आहे?

वर सांगितलेले दोन्ही प्रयोग इंग्लंडचे. तिथे लोक हॉलमध्ये बसून, चहा-बिस्किटं घेऊन गातात. आपले लोक चालत्या गाडीत, एका पायावर उभं राहून, शेजाऱ्याच्या बॅगेला पाठ टेकून गातात. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर लांबच्या गावात रोजचे तीन-साडेतीन तास प्रवासात जातात. त्याच प्रवासातून या माणसांनी स्वतःसाठी एक गाण्याची जागा काढली. हे अभ्यासण्यासारखं नाही तर काय आहे?

या मंडळांना इतिहासही आहे. गिरणगावच्या चाळींमध्ये आणि गाळ्यांमध्ये कामगारांची भजनी मंडळं होती. गावाकडून एकटा आलेला माणूस शिफ्ट संपली की तिथे जाऊन बसायचा. १९८२च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि पुढे कितीतरी कुटुंबं कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडे सरकली. माणसं हलली, तसे टाळही हलले.

आणि नुसती भजनंच कशाला? आपल्या पट्ट्यात बघा. श्रावणात मंगळागौरीचे ग्रुप आहेत. झिम्मा, फुगड्या, लाट्या बाई लाट्या हे सलग तासभर करून दाखवा, मग जिमच्या गप्पा मारा. नवरात्रात लेडीज डब्यात होणारी सजावट आणि गाणी आहेत. आगरी लग्नांत धवले म्हणणाऱ्या धवलारिणी आहेत. उल्हासनगरात सिंधी लग्नांमध्ये लाडा गाणाऱ्या बायका आहेत. हे शहरच फाळणीनंतर घर सोडून आलेल्या लोकांच्या छावण्यांमधून उभं राहिलं. सगळं मागे ठेवून आलेल्या माणसांना आपल्या भाषेतल्या गाण्यांनी काय दिलं असेल, हे विचारायला त्या पिढीतली फार थोडी माणसं आता उरली आहेत. हा प्रोजेक्ट पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आणि तुमचं स्वतःचं ढोल-ताशा पथक आहेच की.

हे मोजणं का महत्त्वाचं? निम्हान्सने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १० टक्क्यांहून जास्त लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. आजारागणिक आकडा बदलतो, पण ७० टक्के किंवा त्याहून जास्त रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. पुरेसे डॉक्टर तयार व्हायला वर्षं लागतील. तोवर गल्लीत, डब्यात, देवळाच्या ओट्यावर जे आधीपासून चालू आहे, त्यातलं काय उपयोगी पडतं हे कळलं तर फुकट मिळालेली मदत आहे ती. ब्रिटनमध्ये डॉक्टर एकट्या पडलेल्या पेशंटला गोळीबरोबर गाण्याच्या किंवा बागकामाच्या ग्रुपकडेही पाठवतात. आपल्याकडे ग्रुप आहेत, पाठवणारं कुणी नाही.

दुसरं कारण जास्त रोखठोक आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १,७४,२२६ होती. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते तुम्ही रोज बघताच. प्रत्येक टॉवरच्या जाहिरातीत क्लब हाऊस असतं. पण ज्यांच्या बिल्डिंगला क्लब हाऊस नाही त्यांनी सराव कुठे करायचा? नगरपरिषदेकडे जाऊन 'आम्हाला सरावाला एक हॉल द्या' म्हणालात तर ती एक मागणी. 'या गावातले एवढे लोक एवढ्या गटांतून भेटतात, त्यांच्यात हा फरक दिसतो, आणि जागा नाही म्हणून एवढे गट बंद पडले' असं कागदावर घेऊन गेलात, तर उत्तर देणं भाग पडतं.

मग करायचं कसं?

नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट्स आहेत. त्यांचं आपण काय करतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. सीनियरची फाइल, नवीन कव्हर, स्पायरल बाइंडिंग. या वर्षी एकदा खरं काहीतरी करून बघा.

पथकाचंच उदाहरण घ्या. सराव गणपतीच्या महिना-दोन महिने आधी सुरू होतो. त्याआधी सगळ्यांना एक छोटी प्रश्नावली द्या. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक सोपी चाचणी आहे, 'डब्ल्यूएचओ-५'. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसात रस वाटावा असं काही होतं का, एवढंच. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण, बेरजेला ४ने गुणायचं, म्हणजे शंभरपैकी मार्क मिळतात. हीच चाचणी विसर्जनानंतर आठवड्याने घ्या आणि दिवाळीनंतर पुन्हा घ्या.

पण नुसत्या पथकाला विचारून भागणार नाही. सणात सगळ्यांचाच मूड चांगला असतो. म्हणून तुलनेला दुसरा गट हवा. क्रिकेट खेळणारे, जिमला जाणारे, आणि काहीच न करणारेही. जमलं तर याहून चांगली आयडिया आहे. नाव नोंदवणारे जास्त आणि ढोल कमी, अशी पथकं असतातच. तिथे ओळखीवर प्रवेश देण्याऐवजी चिठ्ठ्या टाका. ज्यांचा नंबर लागला तो एक गट, जे वेटिंगवर राहिले तो दुसरा. त्यांना पुढच्या वर्षी आधी घ्या. इंग्लंडच्या प्रयोगात जे केलं, तेच तुम्ही एका मैदानावर केलंत.

दोन माणसांना विसरू नका. पहिला, जो अर्ध्यातून सोडून गेला. आनंदी लोक टिकतात आणि आपण टिकलेल्यांनाच विचारतो, मग निकाल गोड येणारच. दुसरी, जी कधी येऊच शकली नाही. सातच्या आत घरात, असं बजावलेली मुलगी, स्वयंपाक आटोपेपर्यंत सुटका नसलेली काकू, एमआयडीसीत रात्रपाळी करणारा मुलगा. लोकलचं भजनी मंडळही बहुतेक पुरुषांचंच असतं. आरोग्याला उपयोगी असलेली एखादी गोष्ट गावातल्या निम्म्या लोकांपर्यंत पोहोचतच नसेल, तर तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात मोठा निष्कर्ष तोच असू शकतो.

आणि तोटेही लिहा. आपल्या लाडक्या गोष्टीचे तोटे लिहायला धाडस लागतं. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालेल, असं साधारण प्रमाण मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. तुम्ही ताशाशेजारी किती तास उभे असता? फोनमधलं अ‍ॅप अंदाज तरी देईलच. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजते का, कमरेला बांधलेल्या ढोलाने पाठ धरते का, हेही विचारा. शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजीलाही विचारा. लोकलमध्ये भजनाच्या आवाजाने वैतागलेल्या, नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसालाही विचारा. त्याची झोपही आरोग्यच आहे. ढोल वाजवून मन हलकं होत असेल आणि कान जात असेल, तर इअरप्लग लावून पथक चालवता येतं. पण आधी हे कुणीतरी मोजायला हवं.

काही नियम मात्र पाळायचेच. विचारण्याआधी परवानगी घ्या. नाव लिहू नका, नंबर द्या. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते. प्रश्नावली नीट मराठीत झाली आहे का, हे सायकॉलॉजीच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. बेरीज-सरासरीसाठी स्टॅटिस्टिक्सवाला मित्र पकडा, त्यालाही क्रेडिट मिळेल. आणि कुणी उत्तर देता देता रडायला लागलं, तर वही बंद करा आणि ऐका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे. तो नंबर प्रश्नावलीच्या खाली छापूनच टाका. कला हा उपचाराला पर्याय नाही, हे तिथेच स्पष्ट होईल. काकांनीही गोळी बंद केलेली नाही.

शेवटी तीस जणांचा अभ्यास करून 'बदलापूरकरांनो, ढोल वाजवा, निरोगी राहा' असं पोस्टर करू नका. 'तीस जणांत आम्हाला एवढं दिसलं, हे दिसलं नाही, हे चुकलं' असं लिहा. फरक नाही दिसला तर तसंही लिहा. पुढच्या वर्षी उल्हासनगरच्या कॉलेजने हेच केलं, त्यानंतर कल्याणच्या, तर तिसाचे तीनशे व्हायला वेळ लागत नाही.

'पण कला अशी मोजायची असते का?'

हा प्रश्न मला कॉलेजातल्या नाटकवाल्या मित्राने विचारला. हातच्या काकणाला आरसा कशाला, गाऊन बरं वाटतं हे पुरेसं नाही का, असं त्याचं म्हणणं. त्याची भीती खोटी नाही. उद्या कुणी 'दहा मार्क वाढत असतील तरच नाटक करा' म्हणायला लागलं तर कला मेलीच. काकाही काही बीपीसाठी गात नाहीत, विठ्ठलासाठी गातात. त्यांना बीपी हा शब्द मध्ये आणलेलाही आवडणार नाही.

पण मोजणं म्हणजे कलेची किंमत ठरवणं नव्हे. ज्याला आज बरं वाटतंय त्याला आरसा नकोच आहे. आरसा हवा आहे तो ज्याच्या हातात काकण नाही त्याच्यासाठी. नव्या टॉवरमध्ये राहायला आलेली, शेजारी कुणाला न ओळखणारी बाई, रिटायर होऊन गप्प झालेला माणूस, आणि हॉस्टेलच्या खोलीत रात्री तीनपर्यंत स्क्रोल करणारे आपण. त्यांना 'तिथे जा, तिथे बरं वाटेल' असं सांगायचं असेल, तर ते सांगणाऱ्याला खात्री हवी.

मित्राला हे पटलं की नाही माहीत नाही. पण परीक्षेनंतर तो माझ्याबरोबर प्रश्नावली घेऊन डब्यात यायला तयार झालाय. पहिली उत्तरं भजनवाल्या काकांची घेणार आहोत. त्यांनी एकच अट घातली आहे. प्रश्न कल्याणच्या आधी संपवायचे, कारण त्यानंतर गजर सुरू होतो आणि त्या वेळी डब्यात कुणी नुसतं उभं राहायचं नाही, टाळी वाजवायची. तुम्ही त्या डब्यात असाल, तर एक दिवस इअरफोन काढून बघा. नाही आवडलं तर तेही लिहून द्या, आम्हाला दुसऱ्या गटात माणसं कमी पडतायत.